जावई अमेरिकन झाले, आईची वाट मोकळी झाली, लेकरू मागं राहिलं

जावयांनी अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ घेतली त्या दिवशी ताईनं परभणीत गल्लीभर पेढे वाटले. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि त्यातली बहुतेक भाचीनं माहेरीच काढलेली. आता पोरगी नांदायला जाणार, म्हणून ते पेढे.

आनंदाला कारण होतं. जावयांकडे लग्नाआधीपासून ग्रीन कार्ड. ग्रीन कार्डवाल्याच्या बायकोचा व्हिसा वर्षाच्या ठरलेल्या कोट्यातून निघतो, म्हणून रांग. नवरा नागरिक झाला की बायकोला कोटाच लागू राहत नाही. जुना अर्ज वाया जात नाही, तोच वरच्या वर्गात जातो. फक्त नागरिकत्वाचं प्रमाणपत्र व्हिसा केंद्राला कळवावं लागतं.

नातीचं मात्र आम्हाला कुणीच सांगितलं नाही. ती चार वर्षांची. रांगेतल्या अर्जात लेकरू आईच्या मागोमाग आपोआप धरलं जातं. कोट्याबाहेरच्या अर्जात धरलं जात नाही. म्हणजे बापानं शपथ घेतली आणि लेक आईच्या फाइलमधून बाहेर पडली. तिच्यासाठी वेगळा आय-१३०, म्हणजे नातेवाईकाला बोलवायचा अर्ज, भरायला हवा होता. ज्या सल्लागाराला आम्ही पैसे मोजले, त्यानं अवाक्षर काढलं नाही. सात महिन्यांनी कागद जुळवताना कळलं. शपथेच्या दुसऱ्याच दिवशी अर्ज गेला असता तर मायलेकीच्या फाइली जवळजवळ बरोबरीनं चालल्या असत्या. याचा मला फार राग येतो. त्यातून हीच पोर व्हिसावर तिथं पोचून बापाजवळ राहू लागली, की अठराच्या आतली म्हणून कायद्यानं आपोआप नागरिक होते. आईला त्यासाठी निदान तीन वर्षं थांबायचंय.

आपल्याकडे बायोडेटात ‘ग्रीन कार्ड’ किंवा ‘सिटिझन’ दिसलं की लोक सोनं किती घालायचं यावर येतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी विचारा: मुलीचा अर्ज कोणत्या वर्गात जाणार, कधी भरणार, आणि त्याची प्रत तिच्या हातात असणार का? अमेरिकेत पाऊल ठेवताना लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील, तर तिला दोनच वर्षांचं सशर्त कार्ड मिळतं. पुढं ती अट काढायला नवरा-बायकोनं मिळून अर्ज करायचा असतो. छळ झाला किंवा घटस्फोट झाला तर तिला एकटीलाही तो करता येतो. हे प्रत्येक मुलीला विमानात बसायच्या आधी माहीत पाहिजे.

जावयांच्या बाजूनंही बदललंच की. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे, स्वखुशीनं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं. पासपोर्ट परत करायचा, मतदानाचा हक्क गेला, आणि इथं येऊन राहायचं तर ओसीआय कार्ड, म्हणजे भारताशी नातं असलेल्या परदेशी नागरिकाला मिळणारं कार्ड. त्या कार्डावर शेतजमीन विकत घेता येत नाही. मानवतला त्यांच्या वडिलांची सहा एकर आहे. व्याही घाबरले होते, पोराचं नाव सातबाऱ्यावर लागणारच नाही म्हणून. पण वारसानं आलेली जमीन त्यांना मिळू शकते, अडचण आहे ती नवीन खरेदीची.

परदेशी सून करून आणली असेल तर तिचंही लक्षात ठेवा. लग्नाच्या नात्यानं ओसीआय मागायला नोंदणी झालेलं आणि सलग दोन वर्षं टिकलेलं लग्न लागतं, आणि घटस्फोट झाला तर ते कार्ड रद्द होऊ शकतं. तिचा इथला मुक्काम पुष्कळदा त्या एका दाखल्यावर उभा असतो.

भाचीच्या मुलाखतीचं पत्र आलंय. पुढच्या महिन्यात देवगिरी एक्स्प्रेसनं मुंबईला जायचं, अमेरिकेच्या वकिलातीत. लेकीच्या अर्जाची फक्त पोच आली आहे. काल भाची म्हणाली, “मावशी, व्हिसा मिळाला तरी मुदत संपायच्या आत मला निघावं लागंल. लेकरू कोणाकडं ठेवू?” ताई काही बोलली नाही, नातीची वेणी घालत बसली.