नाक घासून आणि पाणी तोडून पिल्लू शिकत नाही

सोलापुरातल्या कुत्रे पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून एक संदेश वारंवार पुढे पाठवला जातो. त्याचा सारांश असा: लहान जातीची कुत्री हट्टी असतात, म्हणून पिल्लू 40 दिवसांचे असतानाच आणावे, घरात घाण केली की त्याचे नाक त्यात घासावे, संध्याकाळनंतर पाणी बंद करावे, लसी पूर्ण होईपर्यंत त्याला उंबरठा ओलांडू देऊ नये, फरशी फिनेलने पुसावी, आणि एवढे केले की पिल्लू 7 दिवसांत तयार होते. यातला लसीचा भाग अर्धा खरा आहे. बाकीचे सल्ले निरुपयोगी आहेत, काही तर थेट अपायकारक आहेत, आणि ते पाळून पिल्लाचे हाल करणारी माणसे वाईट नसतात म्हणूनच त्याला उत्तर देणे आवश्यक वाटते.

हट्टीपणाचा आरोप आधी घेऊ. पॉमेरेनियन, शिह त्झू किंवा पग यांच्या पिल्लाचे मूत्राशय आकाराने अगदी लहान असते, आणि लघवी धरून ठेवणाऱ्या स्नायूंवरचा ताबा पिल्लू चार ते सहा महिन्यांचे होईपर्यंत पुरता येत नाही. पिल्लाचे वय जितके महिने त्यात एक मिळवला की तितके तास ते जास्तीत जास्त थांबू शकते, असा एक ढोबळ हिशेब सांगितला जातो. पण तो शांत पडून असलेल्या पिल्लाचा आहे, आणि लहान जातींत तो आणखी कमी धरावा लागतो. जागे असताना, खेळताना, दर तासाला बाहेर नेणेच योग्य. शिवाय मोठ्या कुत्र्याने केलेले तळे लगेच दिसते, तर सोफ्यामागचा चमचाभर ओलावा दिवसभर कोणाच्या लक्षात येत नाही, आणि तोवर ती जागा पिल्लाच्या सवयीची झालेली असते. इथे कमी पडते ती आपली नजर.

नाक घासण्याचा सल्ला सर्वांत जास्त पाळला जातो आणि सर्वांत जास्त नुकसान करतो. शिक्षेचा संबंध कुत्रे त्या क्षणी जे करत असते त्याच्याशी जोडते. दहा मिनिटांपूर्वी केलेल्या लघवीशी ते तो जोडू शकत नाही. ‘पण चूक कळल्यासारखा चेहरा करते’ असे म्हणणाऱ्यांसाठी कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांचा 2009 मधला प्रयोग महत्त्वाचा आहे: कुत्र्यांचा तो अपराधी चेहरा त्यांनी खरोखर चूक केली होती की नाही यावर नव्हे, तर मालक रागावला की नाही यावर अवलंबून असल्याचे त्यात दिसले. मार खाल्लेले पिल्लू एवढेच शिकते की माणसासमोर लघवी करणे धोक्याचे आहे. मग ते पलंगाखाली जाऊन करते, आणि बाहेर नेले तरी तुम्ही शेजारी उभे असेपर्यंत करत नाही. याउलट, योग्य जागी काम उरकताच तिथल्या तिथे शाबासकी आणि खाऊचा बारीक तुकडा मिळाला, तर ती जागा त्याला आपणहून हवीशी वाटू लागते.

पाणी तोडण्याच्या सल्ल्यामागची अडचण मला समजते. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, तिथे साठवलेल्या पाण्याने पुन्हा पुन्हा फरशी धुणे जिवावर येते. तरीही एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांच्या वर जाणाऱ्या सोलापुरात पिल्लाचे पाणी काढून घेणे ही क्रूरता आहे. कुत्रे मुख्यतः धापा टाकून अंग थंड ठेवते, त्यात पाणी खर्च होते, आणि बसक्या नाकाच्या पग, शिह त्झूंना तेही कष्टाने जमते. कमी पाण्याने लघवी दाट आणि अधिक उग्र वासाची होते, म्हणजे डागही जास्त वास मारतो. काही जण यात ‘रात्रीचे जेवणही देऊ नका’ अशी भर घालतात. अगदी लहान जातींच्या कोवळ्या पिल्लांची रक्तातली साखर काही तासांच्या उपासानेही धोकादायकरीत्या उतरू शकते. थरथर, सुस्ती आणि झटके ही तिची लक्षणे आहेत. पाणी भांड्यात राहू द्यावे आणि वेळा आपण बांधाव्यात: दिवसातून तीन-चार वेळा ठरलेल्या वेळी जेवण, झोपेतून उठल्याबरोबर व खेळ संपल्यावर बाहेर, जेवणानंतर थोड्याच वेळात पुन्हा बाहेर, निजण्यापूर्वी एकदा आणि मध्यरात्री एकदा.

लसीबाबत खबरदारी हवीच, कारण पिल्लांना जीवघेण्या जुलाब-उलट्या लावणारा पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि लसींचा क्रम पिल्लू साधारण 16 आठवड्यांचे होईपर्यंत चालतो. मात्र त्यासाठी पिल्लाला तोवर घरात कोंडण्याची गरज नाही. जिथे इतर कुत्री येत नाहीत अशी गच्ची किंवा बंद अंगण चालते. उन्हाळ्यात दुपारच्या तापलेल्या गच्चीवर मात्र नेऊ नये. सज्जात माती भरलेला उथळ ट्रे ठेवता येतो. इथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. पायाखाली जे लागते त्यावरून पिल्लू जागा ओळखते, त्यामुळे सोयीचा म्हणून जुना सोलापुरी टॉवेल अंथरून त्यावर सवय लावली, तर पुढे पायपुसणे आणि पलंगावरची चादरही त्याला तशीच वाटू लागते.

फिनेलने वास आपल्या नाकापुरता झाकला जातो. शहाबादी फरशीत आणि तिच्या सांध्यांत मुरलेली लघवी कुत्र्याला कळतच राहते. आधी कोरड्या फडक्याने सगळे टिपून घ्यावे, मग पाळीव प्राण्यांसाठी मिळणारे विकरयुक्त (एन्झाइम असलेले) द्रावण लावून पुरेसा वेळ राहू द्यावे. फिनेलच्या ओल्या फरशीवरून चाललेले पिल्लू नंतर पंजे चाटते, हेही विसरू नये.

40 दिवसांचे पिल्लू आणण्याबद्दल फार लिहायला नको. श्वान प्रजनन व विक्रीविषयक 2017 चे केंद्रीय नियम 8 आठवड्यांखालील पिल्लू विकू देत नाहीत, आणि निजायची जागा स्वच्छ ठेवण्याची सवय पिल्लाला आई-भावंडांजवळच लागू लागते.

राहिला 7 दिवसांचा वायदा. नियमित वेळा पाळल्या तरी भरवशाची सवय लागायला सहसा चार ते सहा महिने लागतात, आणि लहान जातींत कधी कधी वर्षही. शिकलेले पिल्लू अचानक घरात थेंबथेंब लघवी करू लागले, कुंथू लागले किंवा लघवीत रक्त दिसले, तर तो मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो. अशा वेळी शिस्तीचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी पशुवैद्याकडून लघवीची तपासणी करून घ्यावी.