मिशेलबाईंच्या गाउनचं बिल कोण भरतं?

परवा दुपारी आई शिवणाच्या मशीनवरून उठली, चष्मा डोक्यावर सरकवला आणि मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "बघ, कसे लुटतात." थोरल्या काकांनी घरच्या ग्रुपवर टाकलेला मजकूर होता. काकांना तो सोसायटीच्या ग्रुपवरून आला होता, सोसायटीला कुठून आला ते देव जाणे. वर मिशेल ओबामांचा फोटो आणि खाली लाल अक्षरांत पाच मुद्दे.

थोडक्यात ते असे: अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाच्या बायकोला कपड्यांसाठी सरकार दरवर्षी कोट्यवधींचा भत्ता देतं. एकदा घातलेला कपडा तिने पुन्हा घालायचा नाही, असा तिथे नियमच आहे. मनमोहन सिंगांच्या मेजवानीला मिशेलबाई मुद्दाम परदेशी, उघड्या खांद्यांचा गाउन घालून आल्या आणि त्यांनी भारताचा अपमान केला. मुदत संपली की या बायका सरकारी पैशाचे सगळे कपडे घेऊन घरी जातात. आणि शेवटी ललिताबाई शास्त्रींचा दाखला देऊन, "आजच्या पुढाऱ्यांच्या बायकांनी काही शिकावं."

काकांनी आजवर पाठवलेल्या कितीतरी गोष्टी मी न वाचता पुढे सरकवल्या आहेत. ही सरकवली नाही, कारण आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर या मजकुराखाली एकाने लिहिलं होतं, "लांब कशाला जाता, आपल्या प्रभागातच बघा." खाली सात-आठ जणांचे हसरे चेहरे. प्रभागात कोण, ते सगळ्यांना कळलं. आमच्या नगरसेवकांची बायको. वहिनी आमच्या गिऱ्हाईक आहेत, शाळेत शिकवतात, आणि त्यांची मापं गेली चौदा वर्षं आमच्या वहीत आहेत.

तर आधी भत्त्याचं. असा भत्ता नाही. राष्ट्राध्यक्षाच्या पत्नीला पगार नाही, कपड्यांसाठी तर एक डॉलरही नाही. राष्ट्राध्यक्षाला वर्षाला ४ लाख डॉलर पगार आणि कामाच्या खर्चासाठी ५० हजार डॉलर वेगळे मिळतात. ते ५० हजार त्याच्या कामासाठी, आणि उरले तर तिजोरीत परत जातात. बायकोच्या गाउनचा कायद्यात कुठेही उल्लेख नाही. एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी: तिच्या कार्यालयातल्या माणसांचा पगार सरकार देतं, १९७८ च्या कायद्याने तशी सोय केली आहे. पण सेक्रेटरीचा पगार म्हणजे साडी-चोळी नव्हे.

काकांना माझा शब्द पटणार नाही, म्हणून जिने हे भोगलं तिचंच सांगते. धाकट्या बुश यांच्या पत्नी लॉरा बुश आठ वर्षं व्हाइट हाउसात राहिल्या. २०१० साली आलेल्या आत्मचरित्रात त्यांनी सांगितलं आहे की आपल्याकडून किती डिझायनर कपडे विकत घेण्याची अपेक्षा आहे, हे पाहून त्या थक्क झाल्या होत्या. विकत घेण्याची. स्वतःच्या पैशाने. त्या लायब्ररीत काम केलेल्या, शाळेत शिकवलेल्या बाई. घरचं जेवण आणि कपड्यांची ड्रायक्लीनिंगसुद्धा राष्ट्राध्यक्षाच्या कुटुंबाच्या बिलात लागते. म्हणजे लोकांसमोर रोज नटून उभं राहायचं हे कामाचाच भाग, आणि त्या कामाचा खर्चही काम करणारीनेच करायचा. आमच्याकडे शिवायला येणाऱ्या मुलींना मी दोरा आणि सुया घरून आणायला सांगितल्या, तर दुसऱ्या दिवशी एकही येणार नाही.

याच लॉराबाईंची एक गोष्ट आईला फार आवडली. डिसेंबर २००६ मध्ये व्हाइट हाउसात एक समारंभ होता. बाई ऑस्कर द ला रेंता या डिझायनरचा लाल गाउन घालून पाहुण्यांचं स्वागत करत होत्या. बातम्यांत त्याची किंमत साडेआठ हजार डॉलर छापून आली होती. आणि पाहुण्यांत आणखी तिघीजणी हुबेहूब त्याच गाउनमध्ये! लॉराबाई वर जाऊन कपडे बदलून आल्या. ज्या दुकानात कुणीही पैसे मोजून गाउन घेऊ शकतं, त्याच दुकानातून यजमानीणबाईंनीही घेतलेला. खास सरकारी खर्चाने शिवून घेतला असता, तर लग्नात चार जावांनी एकाच रंगाच्या पैठण्या नेसाव्यात तसा प्रसंग ओढवला असता का?

फुकट कुणालाच काही मिळालं नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. नॅन्सी रेगन यांनी नामवंत शिंप्यांकडून गाउन 'वापरायला' घेतले, त्यावरून १९८२ मध्ये बोंब झाली, पुन्हा घेणार नाही असं सांगितलं गेलं, आणि १९८८ मध्ये ते चालूच होतं हे उघड झालं. ते चूकच होतं. मेलानिया ट्रम्प २०१७ मध्ये सिसिलीत फुलाफुलांचा जो कोट घालून गेल्या, त्याची किंमत ५१,५०० डॉलर होती. त्यावर नाक मुरडायचं तर खुशाल मुरडा, मीही मुरडते. तेवढ्या पैशात आमचं दुकान किती वर्षं चालेल, याचा हिशेब आईने करायला घेतला होता, मीच थांबवला. पण पुढच्याच वर्षी सीमेवर अडवलेल्या स्थलांतरित मुलांना भेटायला निघताना त्यांनी घातलेलं जाकीट ३९ डॉलरचं होतं, आणि शिव्या त्याला जास्त बसल्या. पाठीवर 'मला काही पडलेली नाही' अशा अर्थाचं वाक्य होतं, त्यामुळे त्या रास्तच होत्या. पण कोट महाग असो की जाकीट स्वस्त, सरकारी भत्ता त्यात कुठेच नाही.

आता ज्या मुद्द्याने माझं डोकं खरंच तापलं, तो. भारताचा अपमान.

२४ नोव्हेंबर २००९. मनमोहन सिंगांसाठी ओबामांनी दिलेली मेजवानी, त्यांच्या कारकिर्दीतली अशी पहिली सरकारी मेजवानी. मिशेलबाईंच्या अंगावर फिक्या सोनेरी रंगाचा, चंदेरी टिकल्यांनी भरलेला गाउन. खांदे उघडे, हे खरं. पण तो 'परदेशी' गाउन केला कुणी? नईम खान यांनी. जन्म मुंबईचा. घराण्याचा धंदाच कापड आणि भरतकामाचा. तरुणपणी अमेरिकेला गेले, हॉलस्टन या नामवंत डिझायनरच्या हाताखाली शिकले, आणि न्यूयॉर्कमध्ये नाव काढलं. त्या गाउनवरचं काम झालं भारतात. पहिल्याच मेजवानीला मिशेलबाईंनी पाहुण्यांच्या देशात जन्मलेल्या माणसाचं काम अंगावर घातलं, आणि आपण इतक्या वर्षांनी त्याला अपमान म्हणतो!

टिकली लावणं म्हणजे काय, ते मजकूर लिहिणाऱ्याने एकदा आमच्याकडे येऊन बघावं. कारचोबावर, म्हणजे भरतकामाच्या चौकटीवर, कापड ताणून आरीची सुई खालीवर करत बसावं लागतं. एका बाहीला दोन दिवस जातात, मान आखडते, डोळ्यांतून पाणी येतं. जगभर ज्या गाउनचे फोटो छापून आले, त्याच्यामागे असे हात होते. या मजकुराने ते पुसून टाकले आणि वर 'परदेशी' असा शिक्का मारला. मिशेलबाईंचं काही बिघडत नाही. कारागिरांचं बिघडतं.

बरं, हे एकदाच झालं असंही नाही. जानेवारी २०१५ मध्ये दिल्लीत विमानातून उतरताना त्यांनी घातलेला पोशाख डिझायनर बिभू मोहपात्र यांचा होता. हे राउरकेल्याचे, ओडिशाचे. आणि २०१० मध्ये आपल्याच कुलाब्याच्या शाळेत पोरांबरोबर कोळीनाच नाचल्या, तेव्हा कुणाला त्यांच्या बाह्यांची लांबी मोजावीशी वाटली नाही.

'कपडा पुन्हा घालायचा नाही' या नियमाला मी फार वेळ देणार नाही. असा नियम नाही. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या पत्नी रोझलिन यांनी १९७७ च्या शपथविधीच्या नाचाला जो निळा गाउन घातला, तो १९७१ मध्ये नवरा जॉर्जिया राज्याचा गव्हर्नर झाला तेव्हाचाच होता. त्यावर कौतुक झालं असेल असं वाटतं ना? टीका झाली. एवढ्या मोठ्या दिवशी जुनाच कपडा?

कपडे घरी नेण्याचं अर्धसत्य आहे. स्वतः विकत घेतलेले कपडे माणूस घरीच नेणार, शेजाऱ्याकडे थोडेच नेणार? पण सरकारी मेजवानीसारख्या मोठ्या प्रसंगी एखाद्या डिझायनरने गाउन भेट दिला, तर तो अमेरिकन सरकारच्या वतीने स्वीकारला जातो आणि राष्ट्रीय अभिलेखागारात जातो. मिशेलबाईंच्या प्रसिद्धी सचिवांनीच २०१४ मध्ये हे सांगितलं होतं, आणि बाकीच्या कपड्यांचे पैसे त्या स्वतः भरतात, हेही. शपथविधीचे गाउन बहुधा स्मिथसोनियन संग्रहालयात लागतात.

कपडे खरोखर विकायला काढले ते मेरी लिंकन यांनी, १८६७ मध्ये. नवऱ्याचा खून झालेला, कपड्यालत्त्यांची उधारी डोक्यावर, आणि तीही लिंकनपासून लपवलेली. नाव बदलून त्या न्यूयॉर्कला गेल्या. सोबत त्यांची शिंपीण एलिझाबेथ केकली, जी गुलामीत जन्मली आणि शिवणाच्या जोरावर स्वतःची सुटका विकत घेऊन मोकळी झाली. कपडे मांडले, लोक येऊन हाताळून गेले, वर्तमानपत्रांनी यथेच्छ टिंगल केली, विक्री फारशी झालीच नाही. सरकार भत्ता देत असतं तर त्या बाईवर ही वेळ आली असती का, हे काकांना विचारायचं आहे.

आणि ललिताबाई. त्यांच्या साधेपणाबद्दल कुणाचं दुमत नाही. शास्त्रीजींनी फियाटसाठी काढलेलं कर्ज त्यांनी नवऱ्यामागे पेन्शनमधून फेडलं, हे त्यांच्या मुलाने सांगितलेलं आहे. पण त्यांचं नाव दुसऱ्या बाईला हाणायला काठीसारखं वापरायचं असेल, तर ते कृपा करून ठेवून द्या.

हे सगळं मी आईला सांगत होते तेवढ्यात वहिनी आल्या. ग्रुपवरचं त्यांनी वाचलं होतं की नाही, ते चेहऱ्यावरून कळलं नाही. भाच्याची मुंज आहे, तीच मोरपंखी पैठणी नेसायची आहे, ब्लाउज काखेत दाटतो म्हणाल्या. आईने तो उलटा करून शिवण उजेडात धरली. चार वर्षांपूर्वी आम्हीच शिवलेला, आत दोन्हीकडे इंचभर कापड राखलेलं.

"निघेल," आई म्हणाली. "उद्या संध्याकाळी घेऊन जा."

"किती द्यायचे?"

"ऐंशी."

वहिनींनी पर्समधून शंभराची नोट काढली. आईने गल्ल्यातून वीस रुपये मोजून परत दिले, त्या जिना उतरेपर्यंत थांबली आणि मग काकांना फोन लावला.