‘बसवलेलं हाड मेलेलंच असतं’ या मेसेजला उत्तर

हाडाच्या कॅन्सरबद्दलचा एक मेसेज घरोघरच्या ग्रुपांवर फिरतो. त्यातलं म्हणणं असं: पाय वाचवण्याच्या नादी लागू नका. एका पायाचं हाड काढून दुसऱ्यात बसवतात, ते मेलेलंच असतं, वर्षभरात मोडतं. ज्या पायातून काढलं तोही अधू होतो. त्यापेक्षा पाय कापा, कॅन्सर मुळासकट जाईल. ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कॅन्सर बहुतेकदा वाढत्या वयातल्या मुलामुलींना होतो, तोही गुडघ्याजवळ. म्हणजे हे वाचून निर्णय घेणारे आईबाप असतात.

आधी शेवटचा मुद्दा, कारण खरी भीती तिथे आहे. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला ऑस्टिओसार्कोमा झालेल्या २२७ रुग्णांचा अभ्यास १९८६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. पाय वाचवलेल्या ७३ पैकी ८ जणांना त्याच जागी पुन्हा गाठ आली, मांडीतून पाय कापलेल्या ११५ पैकी ९ जणांनाही आली. जगण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. या रोगात जीव जातो तो मुख्यतः फुफ्फुसात पसरलेल्या पेशींमुळे. त्यांना केमोथेरपी लागते, करवत तिथवर पोचत नाही. मात्र गाठ भोवतीच्या निरोगी थरासकट अखंड निघायला हवी. मुख्य रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू तिच्यात अडकले असतील, तर पाय कापणंच योग्य ठरू शकतं.

आता ‘मेलेलं हाड’. रक्तपुरवठा तोडून आणलेल्या हाडाबद्दल हे बरंचसं खरं आहे. शरीर ते हळूहळू पोखरतं आणि त्याजागी नवं हाड घालतं. भरायचं अंतर सहा-आठ सेंटिमीटरच्या पुढे गेलं की ते बऱ्याचदा साधत नाही. म्हणून तर जिवंत हाड नेतात. पोटरीच्या बाहेरच्या बाजूचं फिब्युला हे बारीक हाड त्याच्या धमनी-शिरांसकट काढायचं आणि नव्या जागी त्या वाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली जोडायच्या. मेलबर्नच्या इयन टेलर यांनी १९७५ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. असं हाड फ्रॅक्चर जुळावं तसं जुळतं आणि भार पडेल तसं जाड होत जातं. वाढीच्या टोकासह नेलं, तर लहान मुलाच्या हातात ते लांबीलाही वाढू शकतं. मेलेल्या हाडाला यातलं काहीच जमत नाही.

मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये गाठीचं हाड बाहेर काढून, त्याला ५० ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) किरणोत्सर्ग देऊन परत बसवण्याची पद्धतही वापरली जाते. ते हाड मृतच असतं, पण भक्कम आधार देतं. त्याच्या आत जिवंत फिब्युला घातली की दोन्ही गुण एकत्र येतात.

मोडतं का? हो, पहिल्या एक-दोन वर्षांत तडे जाऊ शकतात. ही बाब रुग्णापासून लपवू नये. केमोमुळे हाड जुळायलाही वेळ लागतो, म्हणून कित्येक महिने ब्रेस आणि कुबड्या वापराव्या लागतात. पण जिवंत हाडाचा तडा पुष्कळदा आपणहून भरतो आणि तिथे हाड आणखी जाड होतं.

ज्यातून हाड काढलं तो पाय? शरीराचा बहुतेक भार नडगीचं हाड पेलतं. फिब्युलाचा घोट्याजवळचा पाचसहा सेंटिमीटर तुकडा शिल्लक ठेवतात. अंगठा वाकवण्याची ताकद कमी होऊ शकते. मुलांमध्ये घोटा बाहेर कलू नये म्हणून स्क्रू लावतात. याला अधू होणं म्हणत नाहीत.

मेसेजमध्ये खरं तर बायोप्सीबद्दल, म्हणजे तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढण्याबद्दल, लिहायला हवं होतं. ती चुकीच्या जागेतून घेतली, तर वाचू शकणारा पाय जाऊ शकतो. जिथे ऑपरेशन होणार, त्याच केंद्रातल्या हाडांच्या कॅन्सरतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच ती करून घ्या.