‘चॅड सेयर्स होईल’ म्हणे! होऊ दे की!

आज सकाळी पोरांची मॅच होती. लेकाने छान टाकली, दोन विकेट काढल्या, एक कॅच स्लिपमध्ये सुटला. मी बाउंड्रीला खुर्ची टाकून बसले होते. शेजारी आमचेच एक मराठी स्नेही. हातात मोबाइल, मोबाइलमध्ये चेंडूचा वेग सांगणारं ॲप, आणि प्रत्येक चेंडूनंतर आकडा मोठ्याने वाचून दाखवणं चालू. तेरा वर्षांची पोरं आहेत हो! लेकाची ओव्हर संपली तसे माझ्याकडे वळून म्हणाले, “वहिनी, ह्याला स्पीड वाढवायला सांगा. नाहीतर चॅड सेयर्स होईल. एक टेस्ट आणि घरी!” आजूबाजूचे दोघं-तिघं हसले.

तेव्हा मी गप्प बसले. पोरासमोर तमाशा नको. पण घरी आल्यापासून ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे लिहितेय. पोस्ट लांबणार आहे.

ज्यांना हे नाव माहीत नाही त्यांच्यासाठी: चॅड सेयर्स हा ऑस्ट्रेलियाचा स्विंग गोलंदाज, आमच्या ॲडलेडचा. वडील डीन सेयर्सही साउथ ऑस्ट्रेलियाकडून खेळलेले, दोघंही वुडव्हिल क्लबचे. चॅड 2010-11 च्या हंगामात राज्याच्या संघात आला आणि 2021 मध्ये निवृत्त झाला. दहा वर्षं शेफिल्ड शिल्ड, म्हणजे इथली राज्याराज्यांची स्पर्धा, आपली रणजीच म्हणा. तीनशेवर प्रथम श्रेणी बळी. वेग ताशी 130 किलोमीटरच्या आसपास, बऱ्याचदा त्याच्या खालीच. सगळी कमाई स्विंगवर, टप्प्यावर आणि डोक्यावर.

आणि कसोटी एक. तेवढंच लोकांच्या लक्षात.

मी त्याला टाकताना पाहिलंय. आम्ही इथे नवीन होतो, लेक चार-पाच वर्षांचा होता, ॲडलेड ओव्हलवर शिल्डचा सामना लागला होता. पन्नास हजारांवर लोक मावतील एवढं ते मैदान आणि आत माणसं दोन-तीनशे. चेंडू कीपरच्या ग्लोव्हजमध्ये बसल्याचा आवाज आमच्यापर्यंत स्वच्छ यायचा. सेयर्स टाकत होता. उजव्या हाताच्या फलंदाजाला तीन चेंडू एकाच जागी, ऑफ स्टंपच्या किंचित बाहेर, पडून आणखी बाहेर जाणारे. फलंदाजाने तिन्ही सोडले. चौथ्याला सेयर्स क्रीझच्या कडेला गेला. थोडंसंच, नीट बघत नसाल तर कळणारही नाही एवढं. चेंडू तसाच निघाला, त्याच टप्प्यावर पडला, पण बाहेर गेलाच नाही. फलंदाजाने बॅट वर उचलून तो सोडला आणि ऑफ स्टंप उडाला.

आमच्या पुढच्या रांगेत एक आजोबा पेन्सिलीने स्कोअर लिहीत बसले होते. मागे वळून माझ्या पोराला म्हणाले, “बघितलंस? पहिल्या चेंडूलाच त्याने हे ठरवलं होतं.” पोराला काय कळलं देव जाणे, पण मला कळलं. क्रिकेटमधलं काही मला पहिल्यांदा आतून कळलं ते त्या दिवशी.

आता मला सांगा, त्या ॲपमध्ये ह्याचा आकडा येतो का?

वेगाचंच बोलायचं तर ह्याच साउथ ऑस्ट्रेलियाचा शॉन टेट घ्या. 2010 मध्ये लॉर्ड्सवर 161 च्या वेगाने चेंडू टाकलेला माणूस. त्याच्या कसोटी किती? तीन. शरीर साथ देईना. मग त्याला काय म्हणायचं, तीन टेस्ट आणि घरी? वेग असला तरी दार उघडेलच असं नाही, हे आपल्याच गावात दिसतंय. तरी आपण पोरांच्या कानात ‘जोरात टाक, जोरात टाक’ एवढंच ओतत राहायचं.

निवड समितीनेही सेयर्सशी नीट केलं नाही, हे मी ठासून म्हणेन. 2016 च्या सुरुवातीला न्यूझीलंडला नेला, खेळवला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये होबार्टला ऑस्ट्रेलियाचा संघ 85 धावांत गडगडला आणि मोठी साफसफाई झाली. त्यात सेयर्सला ॲडलेडच्या कसोटीसाठी संघात घेतलं. घरचं मैदान, दिवस-रात्र सामना, स्विंग होणारा गुलाबी चेंडू! ह्याहून त्याच्यासाठी योग्य सामना कुठला असता? संधी मिळाली जॅक्सन बर्डला. 2017 ला इंग्लंडविरुद्धच्या ॲशेस मालिकेत पुन्हा संघात नाव, पुन्हा ॲडलेडला गुलाबी चेंडू, पुन्हा बाहेर. आपल्याच गावात, आपल्याच माणसांसमोर राखीव खेळाडूचा बिब घालून पाण्याच्या बाटल्या न्यायच्या. एकदा नाही, दोनदा. मला तर नुसतं लिहितानाही चीड येते.

बरं, स्पर्धेला स्टार्क, हेझलवूड आणि कमिन्स हे तीन वेगवान गोलंदाज होते. तिघांतल्या कुणाला काढून सेयर्सला घ्या असं मीही म्हणणार नाही. ठीक आहे. पण ते तिघं तरी कुठे कायम धडधाकट असायचे? जागा रिकाम्या व्हायच्याच. त्या भरताना आधी स्पीडगन बघितली जायची.

आणि हा माणूस काय करत होता? रुसून बसला? 2016-17 च्या एका हंगामात शिल्डमध्ये 62 बळी घेतले. बासष्ट! अंतिम सामना ॲलिस स्प्रिंग्जला, वाळवंटाच्या मधोमध, कारण यजमान व्हिक्टोरियाला मेलबर्नचं मैदान मिळालं नव्हतं. तिथे पहिल्या डावात ह्याने एकट्याने सात जण काढले. सामना अनिर्णित राहिला आणि नियमाप्रमाणे शिल्ड यजमान व्हिक्टोरियाकडे गेली. आदल्या वर्षीही अंतिम सामन्यात व्हिक्टोरियाकडूनच हरलो होतो. त्या हंगामाच्या उत्तरार्धात कूकाबुरा कंपनीच्या चेंडूऐवजी ड्यूक्स कंपनीचा चेंडू होता, तो जास्त स्विंग होतो, असं आता कुणीतरी खाली लिहीलच. हो, होतो. पण तो सगळ्यांनाच मिळाला होता ना? 62 बळी सगळ्यांनी नाही घेतले.

आता ती ‘एक टेस्ट’.

मार्च 2018, दक्षिण आफ्रिका. केपटाउनला सँडपेपरने चेंडू घासल्याचं ते प्रकरण झालं. स्मिथ, वॉर्नर, बॅन्क्रॉफ्ट घरी गेले. स्मिथ विमानतळावर रडला, ते सगळ्या जगाने पाहिलं. प्रशिक्षक लेहमन, तोही साउथ ऑस्ट्रेलियाचाच, सामन्याच्या आदल्या दिवशी म्हणाला की हा माझा शेवटचा सामना. स्टार्कला दुखापत. आणि 30 मार्चला जोहान्सबर्गला सेयर्सला कसोटीची टोपी मिळाली, म्हणजे पहिली कसोटी खेळायला मिळाली. वयाच्या तिसाव्या वर्षी. ज्या दिवसासाठी आयुष्यभर वाट पाहिली तो दिवस असा उजाडला. पाप कुणाचं आणि कुणाच्या दिवसाची माती झाली! त्या दिवशी ह्याच्या टोपीचा फोटो बघायला कुणाला वेळ होता?

तरी त्याने पहिला बळी कुणाचा घेतला? दक्षिण आफ्रिकेच्या एबी डिव्हिलियर्सचा. कॅच कीपर पेनकडे. पाठोपाठ रबाडाही. पुढे संघ 492 धावांनी हरला, सेयर्सचे आकडे दोन्ही डाव मिळून 146 धावांत 2 बळी, सरासरी 73. आणि परत कधी बोलावणं आलं नाही. आकडे चांगले नाहीत, मान्य. पण दोन सलामीवीर विमानातून उतरून थेट मैदानात आलेले, कर्णधार पेन मोडक्या अंगठ्याने कीपिंग करतोय, अशा सामन्यात एका माणसाची परीक्षा घ्यायची आणि तीच शेवटची समजायची? सेयर्सचा राज्याच्या संघातला सोबती जो मेनी, त्याचंही तेच. होबार्टची ती 85 वाली कसोटी खेळला आणि पुन्हा कधीच नाही.

मला राहून राहून ते आजोबा आठवतात. त्यांच्या वहीत त्या चार चेंडूंची नोंद असेल. तीन टिंबं आणि एक डब्ल्यू. दिवसभर उन्हात बसून त्यांनी ती केली, कारण त्यांच्या लेखी ते खरं क्रिकेट होतं. कसोटीत जाण्याआधीचा वेटिंग रूम नव्हता तो.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय, म्हणून हेही लिहिते. आमचे ते स्नेही वाईट नाहीत. सकाळी सहाला उठून चार घरची पोरं गाडीत घालून तेच आणतात, माझ्या पोराला कितीदा त्यांनीच घरी सोडलंय. मूळचे मुंबईचे, आणि मुंबईचे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर यांचा विषय निघाला की त्यांचा आवाज बदलतो. 589 प्रथम श्रेणी बळी, कसोटी एकही नाही. मार्च 2025 मध्ये शिवलकर गेले तेव्हा ह्यांनी किती मनापासून लिहिलं होतं! मग दादा, जो मान तुम्ही आपल्या माणसाला देता तो इथल्या माणसाला का देत नाही? शिवलकरांना ‘शून्य टेस्ट आणि घरी’ असं कुणी म्हणालं तर तुम्ही ऐकून घ्याल? नाही ना? मग?

मार्च 2025 मध्ये साउथ ऑस्ट्रेलियाने शिल्ड जिंकली. 1995-96 नंतर पहिल्यांदा. 29 वर्षं! अंतिम सामना कॅरन रोल्टन ओव्हलवर होता, माणसं गवतावर दाटीवाटीने बसली होती आणि जिंकल्यावर सगळी मैदानात धावली. ब्रेंडन डॉगेटने सामन्यात अकरा बळी घेतले, नोव्हेंबरमध्ये त्याला पर्थला कसोटीची टोपीही मिळाली. मला मनापासून आनंद झाला. पण मधल्या त्या कोरड्या वर्षांत, संघ तळाला असताना, ज्याने ओव्हरमागून ओव्हर टाकल्या त्याला कुणी विचारलं? दोन अंतिम सामन्यांपर्यंत पोचलेल्या त्या संघाचा कणा कोण होता?

लेकाने गाडीत विचारलं, “आई, चॅड सेयर्स वाईट होता का?” मी घरी येऊन त्याला डिव्हिलियर्सच्या विकेटचा व्हिडिओ शोधून दाखवला. तीनदा पाहिला. मग चेंडू घेऊन अंगणात गेला आणि शिवण बोटांत धरून बघत बसला. पकड त्याची त्याला सापडेल. वेग यायचा तर वयाप्रमाणे येईल, नाही आला तर नाही.

आणि दादा, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे. पुढच्या शनिवारी ते ॲप बंद ठेवा, एवढं माझ्यासाठी करा. ऑक्टोबरात शिल्ड पुन्हा सुरू होईल तेव्हा आमच्याबरोबर एक पूर्ण दिवस चला. पोरांनाही घेऊ, डबा मी आणते. ॲडलेडमधल्या आणखी कुणाला यायचं असेल तर खाली लिहा.