मानसशास्त्र नाही ओ, मानवशास्त्र!

जून आला की माझ्या इनबॉक्समधे दोन-तीन मेसेज ठरलेले. कुणाची तरी भाची नाहीतर कुणाच्या तरी मैत्रिणीचा मुलगा, बारावी झालीय, मार्क चांगले आहेत, घरचे इंजिनिअरिंग म्हणतायत आणि याच्या डोक्यात मात्र अँथ्रोपॉलॉजी शिरलंय, तर तू केलंयस ना, जरा सांग ना स्कोप काय आहे. परवा असाच एका ताईंचा फोन आला, त्यांच्या मुलीसाठी. चाळीस मिनिटं बोललो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मी नोकऱ्यांचं, कॉलेजांचं सगळं सांगितलं आणि जे खरं सांगायचं होतं ते राहूनच गेलं. म्हणून हे लिहितेय. लांबणार आहे, आत्ताच सांगते.

आधी नावाचा घोळ. 2009 ला साताऱ्याजवळच्या एका गावातनं मी दिल्लीला बीएस्सी अँथ्रोपॉलॉजी करायला गेले तेव्हा आण्णा, म्हणजे माझे वडील, पारावर सांगायचे, पोरगी मानसशास्त्र शिकतीय. स्वतः शाळामास्तर, पण फरक समजावून सांगायचा कंटाळा. परिणाम असा की पहिल्या दिवाळीत घरी आले तर एक मावशी त्यांच्या अभ्यास न करणाऱ्या पोराला घेऊन दारात हजर, याला जरा बघ म्हणे. मानसशास्त्र नाही ओ मावशी, मानवशास्त्र! मग ते काय असतं? झालं, आता सांगा दोन मिनिटांत. माणसाचा अभ्यास, त्याच्या हाडांपासनं त्याच्या चालीरीतींपर्यंत.

पुस्तकी मराठीत त्याला मानववंशशास्त्र म्हणतात आणि त्यातला तो 'वंश' मला तेव्हापासून खटकतो. म्हणजे तो उगाच आलेला नाही, त्यामागं इतिहास आहे, पण शब्द ऐकला की लोकांना कवट्या आणि नाकं मोजणारी माणसं दिसतात. आता गंमत अशी की आम्ही खरंच नाकं मोजली. इंग्लंडात सोशल अँथ्रोपॉलॉजी म्हणून वेगळी डिग्री करता येते, त्यात हाडं-बिडं नसतात, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला जिथं मालिनोव्स्की हा मोठा मानवशास्त्रज्ञ शिकवायचा तिथं आजही ती आहे. आपल्याकडं दिल्लीत सगळं एकाच ताटात. सकाळी समाज, नातेसंबंध, धर्म, अर्थव्यवस्था आणि दुपारी प्रॅक्टिकलला 206 हाडं, बोटांचे ठसे, आणि कॅलिपर घेऊन एकमेकांची डोकी मोजायची. नाकाची रुंदी भागिले उंची गुणिले शंभर, तो झाला नेझल इंडेक्स. माझा मेसोराइन, म्हणजे मध्यम. हे घरी फोनवर सांगितल्यावर आज्जी म्हणाली, त्यासाठी दिल्लीला कशाला गेलीस, नाक तुझं आज्ज्यावर गेलंय हे मी इथंच सांगितलं असतं.

हसू येतं, पण हाच आकडा घेऊन हर्बर्ट रिस्ले नावाच्या साहेबानं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी सांगितलं होतं की नाक जितकं रुंद तितकी जात खालची. आणि 1901 ची जनगणना याच माणसाच्या हाताखाली झाली. आमच्या बाईंनी हे मुद्दाम प्रॅक्टिकल संपल्यावर सांगितलं, आमच्या सगळ्यांच्या वहीत आकडे लिहून झाल्यावर. वर्गात कुणी काही बोललं नाही. सगळे आपापल्या वहीकडं बघत बसले, आणि खरं सांगते, शेजारणीच्या वहीकडं पण.

त्याच बाईंनी मग इरावती कर्वेंचं सांगितलं. मला लाज वाटली कारण मला त्या 'युगान्त'वाल्या म्हणून माहीत होत्या, बास. त्या बर्लिनला गेल्या, ऑयगेन फिशर या वंशवादी प्रोफेसरच्या हाताखाली 149 कवट्या मोजल्या. युरोपियन कवटीची ठेवणच वेगळी आणि म्हणून बुद्धी वेगळी, असं गुरुजींचं म्हणणं होतं. आणि या विशीतल्या मराठी बाईनं त्याच्याच संस्थेत बसून लिहिलं की मोजमापात तसं काही दिसत नाही. काय धाडस असेल! (पुढं महाराष्ट्रात आल्यावर त्यांनी जातीजातींची मोजमापं घेतलीच, हेही सांगायला हवं, नुसत्या आरत्या नकोत.) आणि हीच बाई वारीत चालत गेली आणि एकाच दिंडीतली माणसं जातीप्रमाणं वेगळी जेवतात हे बघून अस्वस्थ झाली आणि ते लिहिलं. कवटीपासनं वारीपर्यंतचा हा रस्ता म्हणजेच आमच्या विषयाचा रस्ता आहे असं मला वाटतं. मालवणच्या गो. स. घुर्ये या समाजशास्त्रज्ञांच्या हाताखाली मुंबईत एमए केलेली बाई. मराठी माणसाला हा विषय परका का वाटतो देव जाणे, आपल्या घरातलाच तर आहे.

वर्गात माझ्या बाकावर झारखंडचा एक मुलगा होता, मुंडा आदिवासी. दुसऱ्या वर्षी 'ट्राइब' हा पेपर. 1912 चं शरच्चंद्र रॉय यांचं मुंडांवरचं पुस्तक रीडिंग लिस्टमधे. रॉय रांचीतले वकील, आदिवासींच्या जमिनीच्या केसेस लढता लढता अभ्यासक झाले. मी पुस्तक लायब्ररीतनं आणून भक्तिभावानं पेन्सिलीनं खुणा करत होते तर हा शांतपणे म्हणाला, तुझ्या सिलॅबसमधे माझी आजी आहे. मग म्हणाला, माझ्या सिलॅबसमधे तुझी का नाही? मला उत्तर आलं नाही. मी म्हणाले आमच्यावर पण लिहिलेलं असेल की. तो म्हणाला असेल, पण तुला त्याच्यावर पेपर लिहून पास व्हावं लागत नाही. 

हे मी का सांगतेय, तर या डिग्रीला येणाऱ्या निम्म्या पोरांच्या डोक्यात 'मला वेगवेगळ्या संस्कृती बघायच्यात' असं असतं. माझ्याही होतं. पिसं लावून नाचणारी माणसं, मुखवटे, बेटं. आणि तीन वर्षं जर मास्तर चांगले भेटले तर होतं उलटंच, तुमचं स्वतःचं घर तुम्हाला अनोळखी व्हायला लागतं. माझ्या मते हा विषय अठराव्या वर्षीच शिकावा, एमएला नको. एमएला माणूस शब्द शिकून येतो, अंगाला लावून घेत नाही.

आता आण्णांचं. आण्णा अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं काम करायचे, शाळाशाळांत जाऊन पाण्यानं दिवा पेटवून दाखवायचा, नारळातनं करणी काढून दाखवायची आणि मग त्यामागचं विज्ञान समजावायचं. मी लहानपणी त्यांच्या पिशव्या धरल्यात. आणि दुसऱ्या वर्षी आम्हाला इव्हान्स-प्रिचर्ड या ब्रिटिश मानवशास्त्रज्ञाचं अझांडे लोकांवरचं काम होतं, 1937 चं, सुदानमधलं. त्यातलं धान्याच्या कोठाराचं उदाहरण जगात प्रत्येक मानवशास्त्राच्या विद्यार्थ्याला पाठ असतं. लाकडी खांबांवर कोठार, खाली सावलीला माणसं बसलेली, आणि कोठार कोसळतं. खांब वाळवीनं खाल्लेत हे अझांड्यांनाही माहीत आहे, ते काय वेडे नाहीत. त्यांचा प्रश्न वेगळा आहे, की ते नेमकं याच वेळी, नेमकी हीच माणसं खाली बसलेली असतानाच का पडलं? तिथं ते चेटूक म्हणतात. आपण काय म्हणतो? कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. म्हणजे आपण तिथं फाइल बंद करतो आणि ते तिथं उघडतात, एवढाच फरक.

मे महिन्यात घरी आले आणि जेवताना हे सांगितलं, जरा मोठ्या आवाजात, कारण दिल्लीहून नवीन शिकून आले होते. म्हणलं आण्णा, तुम्ही वाळवी दाखवताय पण माणसं वाळवीबद्दल विचारतच नाहीयेत. तुमचं उत्तर बरोबर आहे पण दुसऱ्या प्रश्नाला. आण्णांनी घास खाली ठेवला. म्हणाले, मागच्या महिन्यात एका बाईला भुताळी ठरवून गावाबाहेर काढली, तिला जाऊन हे सांगशील का? तिला सांग की त्यांच्या दृष्टीनं हे तर्कशुद्ध आहे. आईनं विषय बदलायला कैरीची डाळ पुढं केली. मी रडायच्या बेतात. दोन दिवस आम्ही बोललो नाही.

नंतर कितीदा विचार केला त्यावर. 20 ऑगस्ट 2013 ला सकाळी दाभोलकरांच्या खुनाची बातमी आली तेव्हा मी दिल्लीतच होते, आण्णांना फोन लावला, दोघंही काही बोललो नाही, नुसता फोन धरून बसलो. आज मला वाटतं, समजून घेणं म्हणजे मान्य करणं नव्हे, हे वाक्य परीक्षेत लिहायला फार सोपं आहे. जेवणाच्या ताटावर नाही. आण्णा अजूनही म्हणतात तुझा विषय माणसाला गुळमुळीत करतो. पण आता शिबिरात ते आधी लोकांना विचारतात म्हणे, की तुम्हाला काय वाटतं, असं का झालं असेल? आणि अर्धा तास ऐकतात. मला ते स्वतः कधी सांगणार नाहीत, आईनं सांगितलं.

तिसऱ्या वर्षी फील्डवर्क. आम्हाला नेलं जौनसार-बावरला, देहरादून जिल्ह्यात चकराता तालुक्याच्या बाजूला. तिथं पूर्वी भावाभावांत मिळून एक बायको अशी पद्धत होती, आता जवळजवळ गेलीय, पण विद्यार्थ्यांची बस आली की गावाला माहीत असतं आता हे काय विचारणार. पंधरा दिवस, तीस पोरं, हातात छापील फॉर्म. परिवाराचा प्रकार, जमीन, जनावरं, विवाह. विचार करा, तुमच्या गावात वर्षाआड तीस पोरं येऊन प्रत्येकाच्या ओसरीवर बसून तुझं लग्न कसं झालं विचारायला लागली तर? मला पहिल्या दिवशी एवढा संकोच वाटला की मी तीन घरात नुसता चहा पिऊन परत आले.

चौथ्या दिवशी एक आजी भेटल्या, ऐंशीच्या आसपास, लाकडी घराच्या पायरीवर राजमा निवडत बसलेल्या. मी फॉर्म बाजूला ठेवला आणि निवडायला बसले कारण तेवढंच मला नीट येत होतं. बऱ्याच वेळानं त्यांनीच विचारलं, पूछ ले जो पूछना है, सब वही पूछते हैं. मी अडखळत विचारलं. त्या हसल्या. आणि मग त्यांनीच माझी मुलाखत घेतली. तुझे वडील किती भाऊ? चार. जमीन किती? आजोबांची अकरा एकर. आता? आता प्रत्येकाकडं पावणेतीन. मग भांडणं? मी गप्प. कारण आमच्या थोरल्या चुलत्यांची आणि धाकट्यांची बांधावरनं कोर्टात केस माझ्या जन्माआधीपासनं चालू आहे, हातभर बांध आहे तो, आणि त्यापायी दोन घरांचं पाणीसुद्धा बंद. मी ते सांगितलं. आजींनी राजम्यातला खडा उचलून लांब फेकला आणि म्हणाल्या, हमारा खेत तो एक ही रहा. 

बास. शेताचे तुकडे होऊ नयेत म्हणून ही पद्धत टिकली असावी हा सिद्धांत पुस्तकात होता, मी तो अंडरलाइन करून गेले होते. पण सातबारा, हिस्से, बांध, भाऊबंदकी हे सगळं आपल्याकडचं 'नॉर्मल' आहे आणि त्यांचं 'विचित्र', हे माझ्या डोक्यातनं त्या पायरीवर निघालं. बरं, त्या पद्धतीत बायकांना काय विचारलं जायचं हा प्रश्न मी त्यांना विचारायला हवा होता, तो विचारला नाही, अजून चुटपुट लागते. उगाच त्या आजीला शहाणपणाचा पुतळा करायला नको.

रात्री डायरी लिहायची सक्ती असायची, कितीही दमलात तरी. सर सांगायचे, एम. एन. श्रीनिवास या समाजशास्त्रज्ञांच्या म्हैसूरकडच्या गावावरच्या, वर्षानुवर्षं नीट लावत आणलेल्या टिपणांच्या तिन्ही प्रती 1970 मधे स्टॅनफर्डला कुणीतरी लावलेल्या आगीत जळल्या, आणि मग त्यांनी आठवणीतनं पुस्तक लिहिलं, तुम्ही काय श्रीनिवास नाही, तेव्हा लिहा. माझ्या त्या रात्रीच्या पानावर फक्त हिशोब आहे, अकरा भागिले चार.

तर आता त्या ताईंनी विचारलेलं. नोकरी. थेट 'मानवशास्त्रज्ञ पाहिजे' अशी जाहिरात क्वचित. भारतीय मानववैज्ञानिक सर्वेक्षण आहे, 1945 चं, कोलकात्याला मुख्यालय, पण जागा निघतात केव्हा आणि भरतात केव्हा याचा नेम नाही. पुण्यात आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. म्युझियम, आरोग्याच्या क्षेत्रातल्या संस्था, आणि हल्ली ॲप बनवणाऱ्या कंपन्यासुद्धा लोक फोन कसा वापरतात हे बघायला आमच्यासारखे लोक घेतात, पैसे त्यातच बरे. यूपीएससीला ऑप्शनल म्हणून हा विषय फेमस आहे, आमच्या वर्गातले निम्मे त्यासाठीच आलेले, त्यात वाईट काही नाही पण त्यांना फील्डवर्कला बसमधेसुद्धा नोट्सच वाचताना बघितलंय मी. मी स्वतः आरोग्याच्या एका प्रकल्पात काम करते, गावोगाव बायकांशी बोलणं हे माझं काम. पगार इंजिनिअर भावापेक्षा निम्मा. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही, घरी कर्ज असेल, लवकर पैसे लागणार असतील तर आधी तो हिशोब करा, मी कुणाला भावनेच्या भरात ॲडमिशन घ्या म्हणणार नाही.

आणि मुलीला हे झेपेल का, हे त्यांनी दोनदा विचारलं. मी म्हणलं ताई, लग्नाकार्यात ती काय करते? त्या म्हणाल्या, अगं काय सांगू, मागच्या लग्नात आहेराची वही लिहिणाऱ्या काकांच्या मागं उभी राहून विचारत होती की यांनी पाचशे एक दिले तर आपण त्यांना किती दिले होते, आणि साडी परत तीच फिरतीय हे सगळ्यांसमोर बोलली, इतकी लाज आणली. 

मी म्हणलं, बारावीला बायोलॉजी आहे ना? दिल्लीला बीएस्सी आहे म्हणून लागेल, सीयूईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. नसेल तर मुंबईत झेवियर्सला समाजशास्त्र आणि मानवशास्त्र एकाच विभागात आहे, ते बघा. आणि ती वही जुनी असेल तर तिला द्या, फेकू नका.