ठाणेकर, ‘घरात बसून’ म्हणजे नक्की कुठे बसून?

ठाणेकर यांस,

क्लचचं पेडल बसण्याबद्दलच्या, म्हणजे दाबलेलं पेडल खालीच राहून परत वर न येण्याबद्दलच्या मागच्या लेखावर तुमची प्रतिक्रिया आली. मी तुमचे शब्द फिरवले असं उद्या कुणी म्हणायला नको, म्हणून ती इथे जशीच्या तशी देतो:

“लेख वाचला. ‘पेडल अचानक बसत नाही, आधी सांगून बसतं’ हे घरात बसून लिहायला ठीक आहे!!! संध्याकाळी पूर्व द्रुतगती मार्गावर बसलं की कळेल. अडकलेली गाडी स्टार्टरवर पुढे काढा हा सल्ला धोकादायक आहे आणि नव्या गाड्यांत तो चालेलच असं नाही. सीएससीबद्दल अवाक्षर नाही. सगळ्यांना डॉट ४ घाला म्हणता, तेही बरोबर नाही. मेकॅनिक नसाल तर निदान एखाद्याला विचारून लिहा.”

आधी डॉट ४ चं. डॉट ३, डॉट ४ हे क्लच-ब्रेकच्या ऑइलचे दर्जे. मान्य. टाकीच्या झाकणावर जे छापलं असेल तेच ऑइल घालावं. डॉट ३ असेल तर डॉट ३. दोन्ही ग्लायकॉलच्या जातीची, त्यामुळे एकात दुसरं पडलं म्हणून लगेच पेडल बसत नाही. फरक उकळण्याच्या तापमानाचा आहे. ताज्या डॉट ३ ला किमान २०५ अंश सेल्सिअस, डॉट ४ ला २३०. क्लचला एवढ्या उष्णतेशी फारसं देणंघेणं नसतं, पण बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेक एकाच टाकीवर चालतात, आणि ब्रेकला मात्र असतं. लेखात तेवढी ओळ बदलली आहे. बघा, पटलं की मी मान्य करतो. रात्री पाऊण वाजता तीन उद्गारचिन्हं ठोकून सांगायची गरज नसते, एवढंच.

आता ‘घरात बसून’.

माझे वडील टॅक्सी चालवायचे. काळी-पिवळी पद्मिनी. या गाडीची शेवटची टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवली गेली, आणि मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तो सगळा अध्यायच संपला. तेव्हा फेसबुकवर उसासे टाकणाऱ्यांपैकी किती जणांनी तिचं बॉनेट कधी उघडलं होतं, देव जाणे. आमच्या परळच्या चाळीत मात्र रविवारी ते उघडलं जायचं आणि हातात बॅटरी धरून मी उभा असायचो. मी पुढे बँकेत नोकरी केली हे खरं आहे. मेकॅनिक नाही हेही खरं आहे. पण ज्या घरात बसून मी लिहितो त्या घराला जेवणाच्या ताटावर क्लचची चर्चा ऐकायची सवय होती.

वडिलांचा एक नियम होता: गिअर बदलून झाला की डावा पाय खाली. शिकायला आलेला पोरगा क्लचवर पाय टेकवून चालवायला लागला की ते त्याला पुढच्या सिग्नलला उतरवायचे. मला तेव्हा तो जाच वाटायचा. नंतर कळलं की पायाचं नुसतं वजनही रिलीज बेअरिंगला, म्हणजे पेडल दाबलं की क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगला, प्रेशर प्लेटच्या बोटांवर रेटत ठेवतं, मग बेअरिंग विनाकारण फिरतं आणि क्लच प्लेट पूर्ण पकडत नाही, थोडी थोडी घसरत राहते. तुम्ही म्हणाल याचा विषयाशी काय संबंध. संबंध असा, की पेडल काय सांगतंय हे ऐकायला आधी पाय त्याच्यावरून काढावा लागतो. ज्याचा पाय चोवीस तास तिथेच असतो, त्याला सगळं ‘अचानक’च होतं.

हायड्रॉलिक क्लच घ्या. पेडलमागे मास्टर सिलिंडर, गिअरबॉक्सकडे स्लेव्ह सिलिंडर, मध्ये पाइप आणि त्यात ऑइल. हे ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, पावसाळ्यात डब्यातल्या मिठाचं होतं तसं. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलायला सांगतात, पण आपल्याकडे ते कुणी बदलत नाही, कारण टाकीत भरलेलं तर दिसतं! ओलीमुळे सिलिंडरच्या आतल्या बाजूला गंज धरतो, त्या खरबरीत पृष्ठभागावर घासून रबरी सील झिजतं. मग सुरू होतं सांगणं. क्लच पूर्वी अर्ध्यावर पकडायचा, तो जमिनीजवळ पकडायला लागतो. पहिला गिअर पडताना अडतो. रिव्हर्स करकरतो. पेडल दोनदा पंप केलं की गिअर सुतासारखा पडतो, म्हणजे ऑइलमध्ये हवा शिरली आहे किंवा सील दाब धरत नाही.

सगळ्यात स्पष्ट खूण सिग्नलला मिळते. पहिला गिअर टाकून, पेडल पूर्ण दाबून उभे आहात आणि काही सेकंदांनी, पाय तसूभरही न हलवता, गाडी पुढे सरकू बघते. मास्टरच्या आतल्या सीलवरून ऑइल मागे सरकतंय त्याचा हा पुरावा. बाहेर थेंब नाही, टाकीतली पातळी जशीच्या तशी, म्हणून गॅरेजवालाही हात झटकतो. बाहेरून गळत असेल तर पेडलच्या वरच्या टोकाला, डॅशबोर्डखाली हात घालून बघा. बोटं ओली होतात. ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट ओली असली की आपण पावसाला शिव्या देतो, पण पाणी चिकट नसतं.

केबलवाल्या गाड्यांचं बोलणं वेगळं. क्लच वायर म्हणजे अनेक तारांचा पीळ. तो एकदम तुटत नाही. एकेक तार तुटते, बहुतेक वेळा पेडलच्या हुकापाशी किंवा जिथे वळण आहे तिथे. आवरणात पाणी शिरलं की ग्रीस धुऊन जातं, गंज चढतो आणि पेडल जड होत जातं. तुटक्या तारा आवरणाला घासल्या की पायाला करवतीसारखी खरखर जाणवते. याहून मोठ्याने त्या बिचाऱ्या वायरने ओरडायचं कसं? आणि मुंबईत जून ते सप्टेंबर आपण गाड्या साचलेल्या पाण्यातून हाकतो, त्यामुळे इथे ही वायर पुण्या-नाशिकपेक्षा जरा जास्त लक्ष मागते. केबलच्या गाडीत प्लेट झिजली तर क्लच वर पकडायला लागतो, खाली नाही. हायड्रॉलिकमध्ये झिजेची भरपाई आपोआप होत असल्यामुळे हा बदल जाणवत नाही. हे मी मागच्या लेखातही लिहिलं होतं. तुम्ही तिथवर वाचलंत की नाही याची मला शंका आहे.

काही वेळा पेडल खरंच न सांगता जातं, ते मी कुठे नाकारलं? पुशरॉडची पिन निसटते, रिलीज फोर्क मोडतो, पेडलच्या ब्रॅकेटचं वेल्डिंग सुटतं. पण क्लच गेला म्हणून रस्त्यात उभे असलेल्यांना विचारून बघा, ‘गेले काही दिवस जरा जड जात होता’ हे वाक्य त्यांच्या तोंडून आलं नाही तर मला कळवा.

आणि पूर्व द्रुतगती मार्गाचा दाखला तुम्ही कुणाला देताय? माझं पेडल तिथेच बसलंय. घाटकोपरला, छेडा नगरच्या अलीकडे, पावसाळ्यात, संध्याकाळी. तुम्हाला हवी तीच वेळ. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती, डावा पाय खाली गेला तो वर आलाच नाही. पायाचा अंगठा पेडलखाली घालून ते वर ओढलं, पुन्हा दाबलं. काही नाही, रिकामं. मी इंजिन बंद केलं नाही, कारण ते बंद केलं की ब्रेक दगड होतो आणि स्टिअरिंगही जड होतं. हॅझर्ड लावले, अॅक्सिलरेटर सोडला. त्या क्षणी गिअरच्या दातांवरचा भार जातो आणि गिअर क्लचशिवाय न्यूट्रलला येतो. मिळालेल्या वेगात डावीकडे घेत घेत आलो. शेवटच्या लेनला वेग संपला आणि मागे डंपर. तिथे इंजिन बंद केलं, पहिला गिअर टाकला, चावी फिरवली, गाडी स्टार्टरवर उचक्या खात कडेला गेली. ट्रॅफिक हवालदाराने शेवटचा धक्का मारला. त्याने मला मेकॅनिक आहात का असं विचारलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग तुमचं पेडल का नाही सांगून बसलं? सांगितलं होतं. सिग्नलला गाडी सरकत होती, ते मी गॅरेजमध्ये जाऊन सांगितलं होतं. तिथे एक चक्कर मारून ‘क्लच प्लेट आहे, अजून चालेल’ असं उत्तर मिळालं. शेवटी खराब निघाला तो मास्टर सिलिंडर, प्लेट ठणठणीत. म्हणजे माझ्या लेखातलं वाक्य खोटं ठरलं की खरं, हे तुम्हीच ठरवा. मला तरी खरं वाटतं.

स्टार्टरच्या सल्ल्याबद्दल. डंपर मागे असताना मधल्या लेनमध्ये उभं राहणं सुरक्षित आणि दहा-पंधरा फूट कडेला सरकणं धोकादायक, असा तुमचा हिशोब असेल तर आपलं जमणार नाही. घरापर्यंत असं चालवा असं मी कुठेही लिहिलेलं नाही. क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर न फिरणाऱ्या गाड्यांतही पेडल जमिनीला टेकलेलं असेल तर तो स्विच दाबलेलाच असतो. बटण-स्टार्टचं वेगळं आहे, त्यांनी आपापली माहितीपुस्तिका बघावी. प्रत्येक मॉडेलचा पंचनामा करायला मी बसलेलो नाही.

सीएससी, म्हणजे कॉन्सेंट्रिक स्लेव्ह सिलिंडर: गिअरबॉक्सच्या तोंडाशी आत, रिलीज बेअरिंगसकट बसवलेला स्लेव्ह सिलिंडर. तो गळला तर थेंब इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून पडतात, आणि बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. उतरवलाच आहे तर झिजलेली प्लेटही बदलून घेणं शहाणपणाचं. झालं. एका परिच्छेदाचा विषय आहे, लेख आधीच लांबला होता, म्हणून गाळला. त्याचा ‘अवाक्षर नाही’ इतका मोठा गुन्हा होईल असं वाटलं नव्हतं.

मेकॅनिकला विचारून लिहा, हे शेवटचं. अहो, मी विचारतोच. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर ज्यांच्या पायरीवर बसून मी चहा पितो, त्यांनीच मला सांगितलं की क्लच गेला म्हणून पावसात आलेल्या काही गाड्यांमध्ये क्लचला काहीच झालेलं नसतं. एकावर एक टाकलेल्या मॅट पेडलखाली गोळा झालेल्या असतात, पेडल पूर्ण जात नाही आणि गिअर ओरडतो. मॅट काढून देतात, पैसे घेत नाहीत. हे कुठल्या पुस्तकात नसतं. असली माहिती मिळवायला पायरीवर बसावं लागतं, आणि ती पायरी माझ्या घरात नाही.

तुमच्या प्रतिक्रियेखाली सोडून लिहिलेली एक ओळ मी वर दिलेली नाही, कारण ती टीका नव्हती. तुम्ही लिहिलंय, “माझ्या गाडीला सात वर्षं झाली, घोडबंदरला रोज जातो, सकाळी रिव्हर्स टाकताना जरा करकरते, बाकी क्लच मस्त.” बऱ्याच गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रोनायझर, म्हणजे गिअर पडण्याआधी वेग जुळवून घेणारा भाग, नसतो, त्यामुळे क्लच पूर्ण सुटत नसेल तर पहिली तक्रार तिथूनच येते. उद्या सकाळी मॅट बाजूला करा, क्लच दाबून चार-पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. आवाज गेला तर घाई तुमची होती. राहिला, आणि पेडल दोनदा पंप केल्यावर मात्र गिअर मुकाट पडला, तर टाकीतल्या ऑइलची पातळी आणि रंग बघा. काळपट, गढूळ असेल तर गायमुखचा चढ चढण्याआधी गाडी दाखवून घ्या. मेकॅनिकलाच दाखवा, मला नको.