आयव्हीआरला कुठलाही एआय आवाज चालतो? आधी फोन कानाला लावा

पतसंस्था, दवाखाने आणि गृहनिर्माण सोसायट्या चालवणाऱ्यांमध्ये सध्या एक सल्ला हातोहात फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: फोनवरच्या 'एक दाबा, दोन दाबा'साठी, म्हणजे आयव्हीआर या आपोआप बोलणाऱ्या मेनूसाठी, आता ना स्टुडिओ लागत, ना निवेदक. एखादा छानसा एआय आवाज निवडा, मजकूर टाका, फाइल उतरवून घ्या, झालं. मराठी आवाज नाही सापडला तर हिंदी घ्या, लिपी एकच आहे. लॅपटॉपवर गोड लागला की फोनवरही गोडच लागणार. आकडे तो स्वतःच वाचतो. शिवाय सगळं फुकट. माणसाची गरजच संपली.

छोट्या संस्थांच्या फोन यंत्रणा बसवणं हे माझं काम आहे, त्यामुळे हा सल्ला पाळून तयार झालेले प्रॉम्प्ट, म्हणजे फोनवर वाजणारी तयार वाक्यं, मला ऐकावे लागतात. त्यात तथ्य अजिबात नाही असं नाही. 'सोमवारी शाखा बंद राहील' एवढं सांगायला पूर्वी निवेदकाला पुन्हा बोलवावं लागायचं; ती कटकट खरोखर मिटली आहे. बाकीचे दावे मात्र एकेक करून तपासायला हवेत.

'लिपी एकच, म्हणून हिंदी आवाज चालतो'

सर्वांत जास्त नुकसान या दाव्याने होतं. मजकुराचा आवाज दोन टप्प्यांत तयार होतो. आधी अक्षरांचे उच्चार ठरतात, मग त्या उच्चारांची ध्वनिलहर बनते. पहिला टप्पा लिपीवर नाही, भाषेवर चालतो. हिंदी आवाजाला मराठी मजकूर दिला की तो हिंदीचे नियम लावून वाचतो, आणि घसरतो तो नेमका रोजच्या शब्दांवर.

पहिलाच शब्द घ्या, 'कृपया'. आपण 'क्रुपया' म्हणतो, हिंदी आवाज 'क्रिपया' म्हणतो. पुढे 'पैसे'. आपल्या ऐकारात अ आणि इ दोन्ही ऐकू येतात, हिंदीत ते 'पॅसे'च्या जवळ जातं. 'चौकशीसाठी'चं 'चॉकशी' होतं. 'ज्ञ'चा 'ग्य' होतो. ळ तर प्रमाण हिंदीत नाहीच, त्यामुळे बहुतेक वेळा त्याच्या जागी ल येतो आणि दवाखाना रुग्णाला सांगतो की तुमची 'वेल' नोंदवली आहे.

याहून बारीक गोष्ट च आणि ज यांची. 'चार'मधला च तालव्य, 'पाच'मधला दंततालव्य. हे दोन्ही शब्द प्रत्येक मेनूत एकमेकांशेजारी येतात. 'चौदा', 'चाळीस', 'माझा', 'जमा' यांचंही तेच. लिपीत हा फरक दिसत नाही. कानाला लगेच कळतो. असा प्रॉम्प्ट ऐकणाऱ्याला अर्थ लागतो, नाही असं नाही. पण ही संस्था परगावची आहे, असं त्याला पहिल्या वाक्यातच वाटतं. ठेवींची माहिती देणाऱ्या फोनवर ते परवडत नाही.

शिवाय हिंदीवर भागवण्याची वेळच आता येत नाही. गुगलच्या क्लाउड सेवेत मराठी आवाज आहेत. मायक्रोसॉफ्टचे 'आरोही' आणि 'मनोहर' आहेत. आयआयटी मद्रासच्या पुढाकाराने भारतीय भाषांच्या आवाजांवर जे काम झालं त्यात मराठी आहे, त्याच संस्थेतल्या 'एआयफॉरभारत' गटाने मराठीसह अनेक भाषांची मॉडेलं खुली केली आहेत, आणि २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'भाषिणी' या सरकारी भाषा-प्रकल्पातही मराठी आहे. इंटरनेटशिवाय चालणारा 'ईस्पीक एनजी' हा प्रोग्रॅमसुद्धा मराठी वाचतो. तो यंत्रमानवासारखा बोलतो, त्यामुळे ग्राहकांना ऐकवू नये. पण पंप बंद पडल्याचा निरोप रात्री ऑपरेटरला द्यायचा असेल तर चालून जातो.

अस्सल मराठी आवाजही चुकतात, विशेषतः गावांच्या आणि माणसांच्या नावांत. त्यावरचा उपाय अगदी गावठी आहे: कानाला बरोबर लागेल तसं लिहायचं. 'कृपया' चुकत असेल तर मजकुरात 'क्रुपया' लिहा. शुद्धलेखन यंत्राला शिकवायचं नाहीये. मात्र छापायचा मजकूर आणि यंत्राला द्यायचा मजकूर अशा दोन वेगळ्या फाइली ठेवा, नाहीतर कुणीतरी तोच 'क्रुपया' माहितीपत्रकात छापून मोकळा होतो. केवायसी, ओटीपी, एनईएफटी हेही देवनागरीतच लिहा. मध्येच रोमन अक्षरं आली की काही आवाज अमेरिकन वळणावर जातात.

'लॅपटॉपवर गोड, तर फोनवरही गोड'

टेलिफोनच्या जुन्या मार्गावर आवाजाचा साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. फोनवरच्या आवाजाचे आकडे करणारं १९७२ पासूनचं जी.७११ हे मानक सेकंदाला ८,००० नमुने घेतं, प्रत्येक ८ बिटांचा, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट. भारतात त्याचा ए-लॉ हा प्रकार वापरतात. नव्या आवाजांच्या चाचणीफाइली ऐकताना कानावर पडतात त्या सेकंदाला २४,००० नमुन्यांच्या (२४ किलोहर्ट्झ), कधी ४८,००० च्या. त्यातला जो वरचा झुळझुळीत भाग आवडून आपण आवाज निवडतो, तोच फोनवर कापला जातो.

कापलं जाण्यात पहिला बळी 'स'. त्याच्या घर्षणाची बरीचशी ताकद ४,००० हर्ट्झच्या वर असते. आता 'सात दाबा' आणि 'आठ दाबा' फोनवर ऐका. स पुसट झाला की उरतं 'आत' आणि 'आठ', आणि दोहोंत फरक राहतो फक्त त आणि ठ एवढा. 'सात' आणि 'साठ'चीही हीच रड. कुजबुजत, श्वास सोडत बोलणारे आवाज इथे सर्वांत आधी पडतात. किंचित रुक्ष, व्यंजनं ठासून बोलणारा आवाज लॅपटॉपवर कुणाला आवडत नाही. एसटी स्टँडवर उभ्या माणसाला तोच समजतो.

यावर एक उत्तर हमखास येतं: आता व्होल्टे, म्हणजे फोरजीवरून जाणारा कॉल आहे, एचडी आवाज आहे. आहेच. त्यातला एएमआर वाइडबँड हा कोडेक (आवाज दाबून पाठवण्याची पद्धत) जवळपास ७,००० हर्ट्झपर्यंत जातो. पण कॉल तुमच्या कार्यालयाच्या पीआरआय लाइनवर (एकाच वेळी अनेक कॉल वाहणारी डिजिटल जोडणी) उतरला की तिथला प्रत्येक चॅनेल ६४ किलोबिटांचा. म्हणजे पुन्हा तोच अरुंद पट्टा.

फाइल एमपीथ्रीत उतरवून घेणं हा त्याच सल्ल्यातला आणखी एक उपद्व्याप. एमपीथ्री आवाज एकदा दाबते, म्हणजे फाइल लहान करायला त्यातला तपशील गाळते, मग ए-लॉ, आणि टूजी-थ्रीजीवरच्या मोबाइलवर एएमआर, जो जास्तीत जास्त १२.२ किलोबिटांत आवाज बसवतो. तीनदा दाबलेला आवाज बादलीत तोंड घालून बोलल्यासारखा येतो. मूळ फाइल न दाबलेली वेव्ह ठेवा आणि ॲस्टेरिस्कसारख्या फोन-यंत्रणा चालवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी त्यावरून ८ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो अशी प्रत काढा. बऱ्याच क्लाउड सेवांकडून थेट ए-लॉसुद्धा मागता येतं. आणि निवेदनाखाली मंद बासरी टाकू नका, हात जोडून सांगतो. मोबाइलचे कोडेक माणसाच्या बोलण्याला धरून बेतलेले असतात. बासरीची ते शिट्टी करतात आणि बोलणंही बिघडवतात.

'आकडे तो आपोआप वाचतो'

वाचतो. प्रश्न काय वाचतो हा आहे. हिंदी आवाजाला मराठी वाक्यात ५९ दिलात तर 'तुमची थकबाकी उनसठ रुपये' असं ऐकू येतं. मराठी आवाजाने 'एकोणसाठ' बरोबर म्हटलं तरी घाईत म्हटलं, तर एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी यांचा पूर्वार्ध सारखाच, आणि ओळख पटवणारा उत्तरार्ध गिळलेला. म्हणून रकमेपुरता वेग कमी करा.

रकमेतले स्वल्पविरामही तपासा. १,०५,०५९ हे काही आवाज तीन तुकडे करून वाचतात. १२५०.५० चं 'एक हजार दोनशे पन्नास दशांश पाच शून्य' होतं. आपल्याला हवं असतं 'बाराशे पन्नास रुपये पन्नास पैसे'. खाते क्रमांक एकेक अंक सुटा वाचायला हवा, नाहीतर यंत्र त्याचे कोटी करून टाकतं. फोन नंबर तर अनेक मराठी माणसं 'नाइन एट टू टू' असाच सांगतात आणि तसाच लिहून घेतात. तिथे मराठीचा आग्रह धरून उपयोग नाही, तुमचे ग्राहक कसे बोलतात ते बघा.

वेळेची गंमत वेगळीच. संध्याकाळी ५:३० ला कुणी 'पाच वाजून तीस मिनिटे' येत नाही, साडेपाचला येतो. २:३० म्हणजे अडीच, १:३० म्हणजे दीड, ९:४५ म्हणजे पावणेदहा. आणि ५/३ ही तारीख अमेरिकन क्रमाने वाचली गेली की ५ मार्चचा रुग्ण ३ मे रोजी येऊन उभा राहतो.

यासाठी एसएसएमएल नावाच्या खुणा असतात, विराम, वेग, उच्चार वगैरे सांगायला. डब्ल्यूथ्रीसीचं ते २००४ पासूनचं मानक आहे. पण हा आकडा तारीख म्हणून वाच, तो अंक सुटे करून वाच, हे सांगणाऱ्या खुणेला कोणकोणती मूल्यं द्यायची हे मानकाने ठरवलंच नाही. कंपनीगणिक यादी वेगळी आणि मराठीसाठी त्यातलं किती चालेल तेही वेगळं. त्यामुळे आकडा यंत्राच्या हाती देऊच नये हे माझं ठाम मत. तुमच्याच प्रोग्रॅममध्ये त्याचे मराठी शब्द करा आणि 'साडेपाच' हा शब्दच पाठवा. काम एकदाच करावं लागतं, आणि उद्या आवाज बदलला तरी ते वाया जात नाही.

'फुकट आहे'

ऐकायला फुकट आणि व्यवसायात वापरायला फुकट यांत परवाना उभा असतो. मेटाने २०२३ मध्ये १,१०० हून जास्त भाषांची एमएमएस मॉडेलं खुली केली, मराठीही त्यात आहे. पण परवाना अव्यावसायिक वापराचा. पतसंस्थेचा फोन त्यात बसवणं धोक्याचं. लोकप्रिय निवेदकाच्या आवाजाची नक्कल करून वापरणं त्याहून धोक्याचं: गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची एआयने नक्कल करणाऱ्यांना मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अंतरिम आदेशाने रोखलं आहे. क्लाउड सेवा अक्षरांवर पैसे घेतात, पण न बदलणारे प्रॉम्प्ट एकदाच बनवून साठवले तर बिल किरकोळ येतं. प्रत्येक कॉलला 'नमस्कार' नव्याने बनवून घेणारी यंत्रणा दिसली तर पुरवठादाराला जाब विचारा.

'माणसाची गरजच नाही'

गरज कुठे आहे ते बघा. तुमचा मेनू वर्षानुवर्षं तोच असेल आणि बदलतात ते फक्त आकडे, तर माणसाचा आवाज अजूनही उत्तम. शून्य ते नव्व्याण्णव असे १०० तुकडे, 'शंभर' हा १, 'एकशे' ते 'नऊशे' हे ९, आणि हजार, लाख, कोटी हे ३: ११३ तुकड्यांत कोट्यवधींपर्यंतच्या रकमा जुळतात. इंग्रजीत यापेक्षा फार कमी तुकडे लागतात, कारण तिथे वीसनंतर शब्द जोडून भागतं. मराठीत नव्व्याण्णवपर्यंत प्रत्येक आकड्याचं रूप स्वतंत्र, आणि शंभरावर एक आला की 'शंभर'चं 'एकशे' होतं. तुकडे जोडायची पद्धत नवी नाही. लंडनचं बोलतं घड्याळ १९३६ मध्ये काचेच्या तबकड्यांवरचे तुकडे जोडूनच वेळ सांगत होतं.

ग्राहकाचं नाव, गाव, डॉक्टरांचं नाव असा मजकूर सतत बदलत असेल तर यंत्राचा आवाज घ्या. पण मग सगळं त्याच आवाजात असू द्या. 'नमस्कार' निवेदिकेचा, नाव यंत्राचं आणि रक्कम तिसऱ्याच आवाजात, अशी वाक्यं मी ऐकली आहेत; रेंज गेली असं समजून लोक फोन ठेवतात. क्लाउडवरचे आवाज निवृत्तही होतात. मायक्रोसॉफ्टने आपले जुने, न्यूरल (एआयवर शिकवलेले) नसलेले आवाज २०२४ मध्ये बंद केले. म्हणून मजकुराच्या फाइली जपा, म्हणजे सगळे प्रॉम्प्ट नव्या आवाजात एका दिवसात पुन्हा काढता येतील.

आणि निवड करताना पुरवठादाराने पाठवलेल्या 'आपले सहर्ष स्वागत आहे'वर भुलू नका. हा मजकूर त्याला द्या: 'कृपया वेळ नोंदवण्यासाठी चार, पैसे भरण्यासाठी पाच, चौकशीसाठी सात दाबा. ज्ञानेश्वर चौक, चाळीसगाव शाखेत तुमचे ५९,०६९.५० रुपये जमा आहेत. पुढची भेट ५/३ रोजी सायं. ५:३० वाजता.' फाइल मागू नका, फोन नंबर मागा. मग संस्थेतल्या साठीच्या एखाद्या सभासदाला साध्या बटणाच्या फोनवरून, बाजारात उभं राहून तो नंबर लावायला सांगा, आणि चौकशीचं बटण, रक्कम, तारीख आणि वेळ कागदावर लिहून आणायला सांगा. चारही बरोबर आली तर त्या आवाजाचा दर विचारा.